एकच रकाना हलला

मित्रांनो, जरा कल्पना करून पाहा. तुमच्या शाळेत साडेचारशे मुलं आहेत. सगळ्यांची दप्तरं काळी, एकाच मापाची, एकाच दुकानातून आणलेली. एकाही दप्तरावर नाव नाही. कोणतं दप्तर कुणाचं हे सांगणारा फक्त एक कागद आहे. आता तो कागदच चुकला तर मधल्या सुट्टीत तुम्ही कुणाचा डबा खाल आणि तुमचा कोण खाईल?

आलं डोळ्यांसमोर? तर तो कागद म्हणजे मी.

मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली नव्हे, संगणकातली. माझ्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, कुलूप नाही. नुसती अक्षरं, आकडे आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम. म्हणून मला साधी फाईल म्हणतात. आज तुम्हाला माझी हकीकत सांगायला बसले आहे खरी, पण ती अभिमानाने सांगावी अशी नाही. मान खाली घालूनच सांगते.

माझा जन्म चौदा वर्षांपूर्वी इंदूरच्या भंवरकुआं भागात झाला. झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक छोटं ऑफिस आहे. भंवरकुआंला गावोगावची मुलं शिकायला येतात आणि हॉस्टेलात राहतात. त्या हॉस्टेलांना इंटरनेट पुरवणं हे आमच्या ऑफिसचं काम. प्रत्येक हॉस्टेलात जिन्याखाली नाहीतर गच्चीच्या दाराशी एक लहान डबा बसवलेला असतो, त्यावर हिरवे दिवे लुकलुकतात. त्याला स्विच म्हणतात. प्रत्येक डब्याला आकड्यांचा एक पत्ता असतो. तो पत्ता माहीत असला की ऑफिसात बसल्या बसल्या त्या डब्याची चौकशी करता येते, तो बंद करता येतो, चालू करता येतो. डबे सगळे सारखेच. त्यांच्या पोटात आपापलं नाव लिहून ठेवायची सोय होती, पण ते काम रोज उद्यावर गेलं आणि राहूनच गेलं. कोणता पत्ता कोणत्या हॉस्टेलचा, हे फक्त माझ्यात लिहिलेलं.

मला लिहिलं श्रीपादने. तेव्हा तो नुकता नोकरीला लागलेला होता आणि हॉस्टेलं होती फक्त अकरा. त्याने अकरा ओळी लिहिल्या. पहिल्या रकान्यात हॉस्टेलचं नाव, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात डबा कुठे बसवला ती जागा, चौथ्यात शेरा. सर्वांत पहिली ओळ सुयश गर्ल्स हॉस्टेलची. पाच मिनिटांत मी तयार झाले.

माझं कौतुक काय सांगू. मला उघडायला वेगळा प्रोग्राम लागत नसे, पासवर्ड लागत नसे. कोणत्याही संगणकावर, अगदी फोनवरसुद्धा मी चटकन उघडत असे. एकदा ऑफिसचा मोठा संगणक बंद पडला, तेव्हा श्रीपादने मला खिशातल्या पेन ड्राइव्हमधून काढलं आणि अर्ध्या तासात काम सुरू केलं. "आपली फाईल म्हणजे एकदम सीधी बाई," तो म्हणायचा. "कुणाला कधी नाही म्हणत नाही." मी फुलून जायची. त्याच गुणाने पुढे मला मान खाली घालायला लावली, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

अकराच्या चाळीस ओळी झाल्या, चाळीसच्या दोनशे. शहराच्या टोकाला असलेल्या राऊ गावापर्यंत हॉस्टेलं पसरली. आता ओळी होत्या साडेचारशे. मध्यंतरी सगळे पत्ते एकदा बदलले, त्यामुळे श्रीपादला जे अकरा पत्ते तोंडपाठ होते तेही उपयोगाचे राहिले नाहीत. माझ्या नकला निघाल्या. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन', तिसरीचं 'फायनल नवीन दोन'. त्यांतली खरी कोणती, हे मलासुद्धा सांगता आलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी ऋषभ कामाला आला. राऊचा मुलगा, चोवीस वर्षांचा, बोलणं हळू पण हात भराभर चालणारे. गेल्या वर्षी एके दिवशी त्याने माझ्यात एक नवी ओळ लिहिली आणि मला जतन केलं. त्याच वेळी श्रीपादच्या संगणकावरही मी सकाळपासून उघडी होते. दुपारी श्रीपादने त्याच्याकडची जतन केली. त्यात ऋषभची ओळ नव्हतीच. ती पुसली गेली. मी हूं की चूं केलं नाही.

"सर, एक बात सांगू का?" ऋषभ दुसऱ्या दिवशी म्हणाला. "ही लिस्ट आता डेटाबेसमध्ये टाकून देऊ. मी थोडंसं बनवलंय."

डेटाबेस म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगते. तोही माहिती सांभाळतो, पण दारावर बसलेल्या जागरूक रखवालदारासारखा. तुम्ही कोण, काय बदलताय, हे तो आधी विचारतो. एकच पत्ता दोघांना द्यायला गेलात तर थांबवतो. एका ओळीतलं नाव, पत्ता, जागा यांना तो एकत्र बांधून ठेवतो, एकमेकांपासून तुटू देत नाही. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तरी दोघांचं राखतो. आणि सांगून ठेवलं तर कोणी कधी काय बदललं, याची नोंदही करतो.

श्रीपाद त्याच्यासमोर बसला. नाव विचारलं, लिहिलं. पासवर्ड विचारला, तोही लिहिला. मग त्याने माझ्यातली एक ओळ तिथे घातली, तर उत्तर आलं की हा पत्ता आधीच दुसऱ्या हॉस्टेलला दिलेला आहे. दुसरी ओळ घातली, तीही परत आली.

"अरे यार, हा तर माझ्याच घरात मला ओळखपत्र मागतोय," श्रीपाद हसत म्हणाला.

"सर, तो अडवतोय म्हणजे आपल्या फाईलमध्ये गडबड आहे. तो बरोबर सांगतोय."

"इतक्या वर्षांत नाही झाली गडबड, आता काय होणार? कर ना भिया, तुला हौस आहे तर कर. पण काम आपल्या फाईलवरच चालेल. दिवाळीनंतर बघू." इंदुरात भैयाला भिया म्हणतात.

मित्रांनो, इथेच मला पहिली लाज वाटायला हवी होती. कारण ऋषभचं खरं होतं. माझ्यात दोन पत्ते असे होते की प्रत्येक दोन-दोन हॉस्टेलांसमोर लिहिलेला होता, आणि मी ते निमूट पोटात ठेवले होते. पण मला लाज वाटली नाही. मला आनंद झाला. आपली जागा गेली नाही, म्हणून.

ऋषभने श्रीपादचं ऐकून घेतलं. पण रोज जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसभर फिरून त्या दिवसाचे बदल गोळा करायचा आणि आपल्या डेटाबेसमध्येही लिहून ठेवायचा. ते दोन चुकलेले पत्ते त्याने जागेवर जाऊन तपासून घेतले. श्रीपाद त्याला चिडवायचा, "झाली का रे तुझ्या साहेबांची पूजा?"

आता संहिताबद्दल सांगते. संहिता ही श्रीपादची मुलगी, सहावीतली. तिची आई यशोधरा राऊच्या कॉलेजात शिकवते आणि संध्याकाळी घरी येते. म्हणून शाळा सुटली की दोन वाजता संहिता ऑफिसात यायची आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर अभ्यास करायची. तिला प्रत्येक गोष्ट ओळीने लावायला आवडे. ऑफिसातले पेन रंगाप्रमाणे, बिस्किटांचे पुडे उंचीप्रमाणे. ऋषभ तिला म्हणायचा, "संहिताजी, आमचं टेबलपण कधीतरी बघा." ती खुदकन हसायची.

त्या शुक्रवारी श्रीपाद मला उघडी ठेवून खाली कचोरी खायला गेला. ऋषभ एका हॉस्टेलात तार बदलायला गेला होता. संहिताने माझ्याकडे पाहिलं. हॉस्टेलांची नावं कशीही, आधी सुयश, मग पारिजात, मग अंकुर. तिला वाटलं, बाबांना नाव शोधायला किती वेळ लागतो, आपण ती अकारविल्हे लावून देऊ. बाबा खूश होतील.

तिने नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. मला ज्या प्रोग्राममध्ये उघडलं होतं त्याने एक प्रश्न विचारला. शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का, असा. प्रश्न इंग्रजीत होता, लांबलचक होता. संहिताला वाटलं, आपल्याला तर फक्त नावंच लावायची आहेत. तिने 'तेवढंच' या अर्थाचं उत्तर निवडलं.

नावं सरसर हलली. अंकुर सर्वांत वर आलं, सुयश पार खाली गेलं. पण पत्ते जागचे हलले नाहीत. जागाही हलल्या नाहीत. साडेचारशे नावं आपापल्या घरातून उठून दुसऱ्याच्याच दारात जाऊन बसली, आणि वर पाहावं तर यादी कशी देखणी, सुबक. संहिताने मला जतन केलं.

मी काय केलं? काहीच नाही. सीधी बाई ना मी.

श्रीपाद वर आला तेव्हा साडेचार वाजत आले होते. यशोधरेचा फोन आला, दोघं निघाले. बाबांना दाखवायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता ऋषभने मला उघडलं. अंकुर हॉस्टेल रंगकामासाठी रिकामं झालं होतं आणि मालकाने त्याची लाइन बंद करायला सांगितली होती. "अरे वा, सरांनी नावं लावून घेतली," तो स्वतःशीच म्हणाला. अंकुरसमोर जो पत्ता दिसला त्या पत्त्याचा डबा त्याने बंद केला, माझ्यात 'बंद' असा शेरा लिहिला आणि मला जतन केलं. तो पत्ता अंकुरचा नव्हता. पहिल्या ओळीतला तो पत्ता सुयशचा होता.

सुयशच्या तिसऱ्या मजल्यावर देपालपूर गावची अमिता राहते. तिचे वडील बाजारात धान्याची पोती उचलतात. त्या वेळी ती लॅपटॉपसमोर बसून शिष्यवृत्तीची मुलाखत देत होती. पाच प्रश्न झाले, सहाव्याला पडदा गोठला.

तिचा फोन श्रीपादने घेतला. "भैया, सुयशमधून बोलतेय, नेट गेलं, माझा इंटरव्ह्यू चालू आहे." श्रीपादने माझ्यात सुयश शोधलं. समोरचा पत्ता राऊच्या एका मुलांच्या हॉस्टेलचा होता, पण त्याला काय माहीत. त्याने त्या डब्याची चौकशी केली. दिवे हिरवे. "मॅडम, इकडून तर सगळं ओके आहे. तुमच्याच लॅपटॉपमध्ये बघा."

पाच मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्याने तो डबा बंद करून चालू केला. राऊची मुलं तुटली. त्यांचा फोन आला. मग त्यांच्या नावासमोरचा डबा बंद-चालू केला, तर तिसरंच हॉस्टेल तुटलं. साडेबारापर्यंत सात फोन वाजत होते आणि प्रत्येकाला मी, एकेक करून, खोटं उत्तर देत होते.

"डेटाबेसमध्ये बघू का?" असं ऋषभने विचारलं, तर श्रीपाद "त्याचं नावही काढू नकोस" म्हणून ओरडला. शेवटी ऋषभ धावत सुयशला गेला, डब्याला लॅपटॉप जोडला आणि दीड वाजता लाइन सुरू केली. तोवर अमिताची मुलाखत संपलेली होती. उरलेले प्रश्न तिने जिन्यात उभं राहून फोनवर ऐकले होते, तुटत-तुटत.

दोन वाजता संहिता आली आणि दारातच थांबली. बाबांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

"तूच केलंस हे. त्या तुझ्या डेटाबेसमध्ये टाकायला फाईल घेतलीस आणि उलटीपालटी करून ठेवलीस."

"सर, मी फक्त शेरा लिहिला. बाकी हातच नाही लावला."

"मग बघ ना, शेवटची जतन कुणी केली? आज अकरा पाच, तुझ्या मशीनवरून. फाईल काय आपोआप पलटते?"

मित्रांनो, माझ्यावर ठसा राहतो तो फक्त शेवटच्या हाताचा. त्याच्या आधी कोण आलं, काय करून गेलं, हे लिहून ठेवायला माझ्यात जागाच नाही. त्या खोलीत खरं काय ते माहीत असणाऱ्या दोघीच होतो. त्यांतल्या एकीला तोंड नव्हतं. दुसरी खुर्चीत बसून इतिहासाचं एकच पान तासभर उघडून होती.

तिला कळलं होतं. पडद्यावर ती देखणी यादी तिला दिसत होती.

चार वाजता अमिता जिना चढून वर आली. रडून झालेला चेहरा, पण आवाज ठाम. "शिष्यवृत्तीवाले म्हणतात, नेटवाल्यांकडून लिहून आणा, नक्की काय झालं आणि कुणाच्या चुकीने झालं. मग ते दुसरी वेळ देण्याचा विचार करतील. मला लेटर पाहिजे."

"देतो ना," श्रीपाद म्हणाला आणि टाइप करू लागला. टाइप करता करता वाचूही लागला. "आमचे कर्मचारी ऋषभ यांनी परवानगीशिवाय केलेल्या प्रयोगामुळे सेवा खंडित झाली. त्यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे."

ऋषभने खिशातून ऑफिसची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "सर, माझ्या घरी काय सांगू, तेवढं फक्त सांगा," तो म्हणाला. श्रीपाद पुढची ओळ टाइप करत राहिला.

संहिता उठली. ती ऋषभच्या संगणकापाशी गेली, माझी एक नक्कल उघडली, नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. तो लांबलचक प्रश्न आला.

"बाबा, मी इथे हे दाबलं होतं. काल. तुम्ही कचोरी खायला गेला होता तेव्हा." तिचा आवाज इतका बारीक होता की श्रीपादला खुर्ची पुढे ओढावी लागली. "मला वाटलं, नावंच तर लावायची आहेत."

पहिला बोलला तो ऋषभ. "म्हणजे फक्त नावं हलली? पत्ते आणि जागा जागेवरच आहेत?" संहिताने मान हलवली. "मग तर झालंच. नावं माझ्याकडे कालपर्यंतची बरोबर आहेत."

त्याने आपला डेटाबेस उघडला. पंधरा-वीस मिनिटांत साडेचारशे नावं पुन्हा आपापल्या पत्त्यासमोर आली. श्रीपाद त्याच्या मागे उभा राहून पाहत होता. मग त्याने टेबलावरची किल्ली उचलली आणि ऋषभच्या हातात दिली. "मी तुला दिवसभर खोटारडा ठरवलं रे," एवढंच तो बोलला. ऋषभ म्हणाला, "सर, आता तरी दिवाळीची वाट नका बघू."

सोमवारपासून सगळी यादी डेटाबेसकडे गेली. मला वाईट वाटलं का? खरं सांगू, हायसं वाटलं.

मित्रांनो, साध्या फाईली वाईट नसतात. दहा-बारा ओळींची यादी असेल, एकानेच लिहायची असेल, कुठेही पटकन उघडून वाचायची असेल, तर खुशाल आम्हाला हाक मारा. आजही डेटाबेस रोज संध्याकाळी माझ्यासारखीच एक साधी नक्कल काढून ठेवतो, संगणक बंद पडला तर वाचता यावी म्हणून. पण जिथे अनेक हात लिहितात, जिथे एका चुकीने परक्या मुलीची मुलाखत तुटते, तिथे विचारणारा, अडवणारा आणि कोण येऊन गेलं ते लक्षात ठेवणारा हवा. तो अडवतो म्हणून त्याच्यावर चिडू नका. आणि जो कधीच अडवत नाही, त्याच्या भरवशावर सगळं टाकून देऊ नका. माझ्यावर टाकलंत, म्हणून तर हे झालं.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. यादी नीट झाली तरी अमिता अजून पत्राची वाट पाहत उभी होती. श्रीपादने पहिलं पत्र पुसलं आणि नवं लिहिलं. तांत्रिक बिघाडामुळे सेवा खंडित झाली, क्षमस्व.

संहिताने ते वाचलं. "बाबा, ते म्हणाले ना, नक्की काय झालं ते लिहा. हे तर तसं नाही."

"अगं, लहान आहेस तू. तुझं नाव कशाला त्यात?"

"मग ऋषभ भियांचं कसं घातलं होतं?"

श्रीपाद खुर्चीतून उठला. संहिता तिथे बसली. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं की शुक्रवारी फाईलमधला नावांचा रकाना मी एकटीने हलवला, त्यामुळे चुकीचा डबा बंद झाला, ऋषभ भियांची आणि अमितादीदींची काही चूक नाही. खाली नाव लिहिलं, इयत्ता सहावी असंही लिहिलं. श्रीपादने त्याखाली स्वतःची एक ओळ घातली, की फाईल उघडी सोडून मी गेलो आणि ती बदलायला वर्षभर मीच नाही म्हणत होतो. मग सही केली.

छापलेला कागद संहिताने दोन्ही हातांनी अमिताला दिला. अमिता तो उभ्यानेच वाचू लागली. बाबांनी संहिताला हळूच आपल्याकडे ओढायला हात पुढे केला, पण ती गेली नाही. अमिताचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईतो ती तिच्यासमोर तशीच उभी राहिली.